अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पडद्याची तपासणी (आरओपी): तारीख कशी काढायची, उशीर कुठे होतो, काय चुकतं

रेटिना_दादर (धागाकर्ता)

काचपेटीतून बाहेर आलेलं बाळ दूध प्यायला लागतं, वजन धरतं, दिव्याकडे बघतं, आणि घरच्यांना वाटतं डोळे छान आहेत. आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार, नेमकी याच दिवसांत आत वाढत असते. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, चिपडं धरत नाहीत. बाहुलीत पांढरं दिसायला लागलं तर पडदा आधीच सुटलेला असतो, आणि तेव्हा शस्त्रक्रिया करूनही हाती फार थोडं लागतं. त्यामुळे इथे सगळी भिस्त तारखेवर आहे.

पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास डोळ्याच्या मुख्य नसेपाशी सुरू होतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड ३६व्या आठवड्याच्या आसपास गाठतात, कानाकडची पूर्ण दिवस भरता भरता. बाळ २८व्या आठवड्यात जन्मलं तर कडेचा मोठा पट्टा वाहिन्यांविना राहिलेला असतो. शिवाय पोटातल्यापेक्षा बाहेर ऑक्सिजन जास्त, म्हणून वाहिन्यांची वाढ थबकते. पुढच्या काही आठवड्यांत पडद्याची गरज वाढते, रक्त पोचत नाही, आणि तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन भरमसाट सोडू लागतो. त्याच्यामुळे उगवणाऱ्या वाहिन्या कच्च्या असतात, पडदा सोडून आतल्या जेलीत शिरतात. तिथे व्रण होऊन आकसला की पडदा ओढला जातो. जन्मल्या जन्मल्या तपासून काही दिसत नाही ते यामुळे. उपचाराची वेळ बहुतेक बाळांत ३५ ते ३७ आठवड्यांच्या आसपास येते. हे आठवडे आईच्या पाळीपासून मोजलेले, म्हणजे जन्मावेळचे आठवडे अधिक जन्मानंतरचे आठवडे.

आपल्याकडचा निकष असा. जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म, तर तपासणी करायचीच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, रक्त चढवणं, श्वासाचा त्रास यांतलं काही झालं असेल तर त्याचीही करायची. अमेरिकेतला निकष १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे आहे. तो वाचून ‘आमचं बाळ १७०० ग्रॅमचं होतं, गरज नाही’ असं ठरवू नका. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांतही गंभीर आरओपी होते.

पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांनी, ३० दिवसांच्या पुढे नाही. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच, कारण या बाळांत आजार फार झपाट्याने वाढू शकतो. बाळ अजून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलं तरी तारीख पुढे ढकलायची नाही, तपासणारा माणूस वॉर्डात यायला हवा.

आता मुंबईतली खरी अडचण. बाळ जन्मलं १ जूनला. तपासणीची तारीख २९ जून, शेवटचा दिवस १ जुलै. आणि घरात ठरलेलं असतं की सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही. सव्वा महिना धरला तर ११ जुलै उजाडतो. ते दहा दिवस या आजारात फार मोठे आहेत.

आरोग्यसेविका_गोवंडी

सव्वा महिन्याचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये आला ते बरं झालं. घरभेटीत आईला पटवून भागत नाही, निर्णय बहुधा सासूबाईंचा असतो. त्यांना रीत चुकीची म्हणून सांगायला गेलं की दार बंद होतं. ‘सव्वा महिना पूर्ण दिवसांच्या बाळाचा. हे बाळ दोन महिने आधी आलंय, त्याचे डोळे अजून बनतायत, डॉक्टरांनी डोळ्यांसाठी एक दिवस मागितलाय’ असं सांगितलं की बऱ्याच आजी स्वतः बाळाला दुपट्यात गुंडाळून निघतात.

दुसरी अडचण माहेरची. डिस्चार्ज झाला की आई बाळाला घेऊन थेट रत्नागिरी, सातारा, जळगाव. फोन नंबर नवऱ्याचा, तो कामावर, आणि तारीख कुणालाच ठाऊक नाही. डिस्चार्ज कार्डावर आजीचा किंवा मामाचा नंबरही घ्या, आणि पुढचे दोन महिने बाळ कुठे असणार ते गावाच्या नावासकट लिहा.

एक विचारायचं होतं. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं म्हणून डोळे गेले असं वस्तीत बोललं जातं. त्याला काय उत्तर द्यायचं?

रेटिना_दादर

ताई, आरओपीचा आणि निळ्या दिव्याचा संबंध नाही. बाळाच्या डोळ्यांवर पडणारा प्रकाश कमी केल्याने आरओपी टळते का, याचा अमेरिकेत रीतसर अभ्यास झाला आणि १९९८ साली उत्तर आलं की नाही टळत. डोळ्यांवर पट्टी बांधतात ती तीव्र प्रकाशापासून जपायला. दिव्याच्या भीतीने कावीळ अंगावर काढली तर मेंदूला इजा होऊ शकते, हे आवर्जून सांगा.

सिस्टर_सायन

तपासणीच्या दिवशीची तयारी लिहिते. इथे चुका खूप होतात.

बाहुली मोठी करायच्या थेंबांची मोठ्या माणसांची बाटली ट्रोपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलएफ्रिन ५ टक्के असते. ती तशीच बाळाला घालायची नाही. फेनिलएफ्रिन अंगात शोषलं गेलं की रक्तदाब वाढतो, नाडी बिघडते, पोट फुगतं, दूध पचत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून लुब्रिकंट थेंबांत निम्मं पातळ करतात, म्हणजे फेनिलएफ्रिन २.५ टक्क्यांवर येतं. पातळ केलेली बाटली त्याच दिवशी वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. ॲट्रोपिन अजिबात नाही.

तपासणीच्या तासभर आधी सुरुवात करायची. एका वेळी एकच थेंब, दहा ते पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन ते तीन वेळा. थेंब घातल्यावर नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलका दाबून धरायचा आणि गालावर आलेलं लगेच कापसाने पुसायचं. गालावरून सुद्धा शोषलं जातं. पापणी उघडी धरून ‘नीट पडला नाही’ म्हणून आणखी दोन घालणं हीच नेहमीची चूक.

दूध तपासणीच्या तासभर आधी संपलेलं असावं. भरल्या पोटी बाळ रडलं की उलटी छातीत जाते. त्या दिवशी काजळ नको, चेहऱ्याला तेलही नको. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, हात आत. डोळा बधिर करायला प्रोपॅराकेन ०.५ टक्के एक थेंब, आणि दुखू नये म्हणून जिभेवर साखरेचं २४ टक्के द्रावण थोडंसं. पल्स ऑक्सिमीटर लावलेलाच ठेवायचा, सक्शन आणि बॅग-मास्क हाताशी. डोळा दाबला की नाडी एकदम मंदावू शकते. तसं झालं तर डॉक्टरांना थांबायला सांगायचं. यात संकोच करू नका.

घरी गेल्यावर डोळे थोडे सुजलेले, पांढऱ्यावर लाल डाग, एखादं दूध कमी पिणं, हे एक-दोन दिवस चालतं. श्वास मध्येच थांबणं, निळं पडणं, पोट टम्म फुगणं किंवा दूध घेणं बंद होणं असेल तर लगेच रुग्णालय गाठायचं.

रेटिना_दादर

सिस्टरांनी लिहिलेलं वॉर्डात चिकटवून ठेवावं असं आहे. एक भर. तीन वेळा थेंब घालूनही बाहुली उघडली नाही तर चौथा घालू नका, मला आधी कळवा. बुबुळाच्या वाहिन्या फुगल्या की बाहुली हट्टाने बारीक राहते, आणि हे बहुधा जोरदार आरओपीचंच चिन्ह असतं. ‘बाहुली उघडली नाही, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगून बाळाला परत पाठवलं जातं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्या बाळाला त्याच दिवशी अनुभवी माणसाने बघायला हवं.

नवजात_परळ

ऑक्सिजनवर सविस्तर लिहितो, कारण आजार टाळायचं काम आमच्या वॉर्डात सुरू होतं.

या आजाराचं पहिलं वर्णन बोस्टनमध्ये १९४२ साली टेरी यांनी केलं. अतिरिक्त ऑक्सिजनकडे १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं, आणि १९५४ पर्यंत अमेरिकेतल्या चाचणीने ते पक्कं झालं. मग ऑक्सिजन सरसकट कमी केला गेला, आंधळेपण घटलं, पण बाळं दगावली आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मेंदूला इजा झाली. २०१० सालच्या सपोर्ट नावाच्या चाचणीतही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण) ८५ ते ८९ ठेवल्यावर गंभीर आरओपी कमी झाली, मृत्यू मात्र वाढले. तेव्हा ‘ऑक्सिजन वाईट’ असा अर्थ कुणी काढू नका. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५ ठेवायचं, अलार्म खाली ८९ आणि वर ९५.

वरचा अलार्म बहुतेक ठिकाणी बंद केलेला सापडतो, कारण तो सारखा वाजतो. ऑक्सिजन चालू असताना मॉनिटरवर ९९ किंवा १०० दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं, पण ९६च्या पुढे ऑक्सिमीटर काहीच सांगत नाही. रक्तातला ऑक्सिजनचा दाब ९० असो वा ३००, आकडा तोच. साध्या हवेवर असलेल्या बाळाचं ९९ मात्र ठीक आहे, तिथे वरचा अलार्म लागत नाही.

दुसरी चूक चढउताराची. बाळाचं सॅच्युरेशन ७५ झालं, कुणीतरी नॉब १०० टक्क्यांवर फिरवला, बाळ सावरलं आणि नॉब तिथेच राहिला. आधी नाक-तोंड साफ आहे का, मान नीट आहे का, प्रोब सुटलाय का ते बघा, पाठीला हळूच चोळा. ऑक्सिजन दोन ते पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढवा, आणि तो पुन्हा मूळ जागी येईपर्यंत पेटीपासून हलू नका.

ऑक्सिजन एकटा दोषी नाही. जंतुसंसर्ग, वारंवार रक्त चढवणं आणि पहिल्या महिन्यात वजन न वाढणं ही तितकीच मोठी कारणं. हात धुणं, आईचं दूध आणि कांगारू पद्धत (बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवणं) यांनी डोळेही वाचतात. आईला दूध कमी असेल तर मिल्क बँकेचं विचारा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झालेली मिल्क बँक आशियातली पहिली. श्वास थांबू नये म्हणून दिलं जाणारं कॅफिन वेळेवर सुरू केलं तर व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात, आणि गंभीर आरओपीही घटते.

कल्याणची_सिस्टर

सर, छोट्या नर्सिंग होममध्ये ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारं यंत्र) नसतो. सिलिंडर आणि हेडबॉक्स (बाळाच्या डोक्यावर ठेवायची पारदर्शक पेटी) एवढंच. वरून बाळ मुंबईला हलवायचं म्हटलं तर ॲम्ब्युलन्समध्ये दोन-तीन तास १०० टक्के ऑक्सिजन. ब्लेंडर येईपर्यंत काय करायचं?

नवजात_परळ

सिस्टर, मेडिकल एअर कॉम्प्रेसर आणि दोन फ्लोमीटर असतील तर वाय-जोडणीने मिश्रण करता येतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन धरून हिशेब: १ लिटर ऑक्सिजन आणि ७ लिटर हवा म्हणजे साधारण ३१ टक्के. १ आणि ४ म्हणजे ३७. २ आणि ३ म्हणजे ५३. हेडबॉक्समध्ये एकूण प्रवाह मिनिटाला ५ लिटरच्या खाली नेऊ नका, बाळाचा सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच साठतो. शक्य असेल तर ऑक्सिजन ॲनालायझर बाळाच्या नाकाजवळ धरून खात्री करा.

सेल्फ-इन्फ्लेटिंग बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्याला) मागची पिशवी लावली की ९० ते १०० टक्के जातो, पिशवी काढली की ४० टक्क्यांच्या आसपास, ऑक्सिजनची नळीच काढली की साधी हवा. जन्मल्यावर ३५ आठवड्यांच्या आतल्या बाळाला श्वास द्यायचा झाला तर २१ ते ३० टक्क्यांपासून सुरू करायचं. पाचव्या मिनिटाला सॅच्युरेशन ८० ते ८५ असणं नैसर्गिक आहे, त्या घाईत नळी पूर्ण उघडू नका. प्रोब उजव्या मनगटाला.

ॲम्ब्युलन्समध्ये पोर्टेबल ऑक्सिमीटर हवाच. ९५च्या वर गेलं की प्रवाह कमी करत यायचं, ‘पोचेपर्यंत राहू दे’ नको. आणि बाळ पाठवताना चिठ्ठीवर किती तास किती ऑक्सिजन दिला ते लिहा.

रेटिना_दादर

आता तपासणीनंतरचं. कागदावर झोन, स्टेज आणि प्लस या तीन गोष्टी असतात. वाहिन्या कुठवर पोचल्या ते झोन सांगतो: एक म्हणजे अगदी मध्ये, तीन म्हणजे कडेजवळ. आजार कुठल्या पायरीला आहे ते स्टेज. १ आणि २ या सौम्य, ३ मध्ये नव्या वाहिन्या, ४ मध्ये पडदा अर्धवट सुटलेला, ५ मध्ये पूर्ण. वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या की प्लस. आईवडिलांनी स्टेजचा आकडाच धरून बसू नये. झोन एकमधली प्लससह स्टेज १ ही झोन तीनमधल्या स्टेज ३ पेक्षा धोक्याची.

उपचार कधी? झोन एकमध्ये प्लससह कुठलीही स्टेज, झोन एकमध्ये प्लस नसतानाही स्टेज ३, आणि झोन दोनमध्ये प्लससह स्टेज २ किंवा ३. निर्णय झाला की ४८ ते ७२ तासांत उपचार. जोरदार प्रकारात त्याहूनही लवकर. बाकीच्यांना एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं, झोन एक असेल तर आठवडा किंवा त्याहून कमी. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत हे चालू राहतं. सौम्य आरओपी बहुतेक बाळांत आपोआप ओसरते. म्हणूनच दुसऱ्या तपासणीत ‘ठीक आहे’ ऐकून लोक तिसरीला येत नाहीत.

लेसरमध्ये वाहिन्या न पोचलेला कडेचा पट्टा जाळून टाकतो, म्हणजे व्हीईजीएफ सोडणारा भागच राहत नाही. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. एकदा नीट झालं, वगळलेले ठिपके राहिले नाहीत, तर आजार बहुधा परतत नाही. इंजेक्शन, म्हणजे बेवासिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅब, डोळ्याच्या आत देतात. काही दिवसांतच फुगलेल्या वाहिन्या बसतात, झोन एकमध्ये ते फार उपयोगी. पण औषधाचा अंमल उतरला की आजार महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठू शकतो. म्हणून ६० ते ६५ आठवड्यांपर्यंत (आईच्या पाळीपासून मोजून), काहींना त्याही पुढे तपासत राहावं लागतं. ज्या कुटुंबाचा परत येण्याचा भरवसा नाही, त्या बाळाला झोन दोनमध्ये मी लेसरच सुचवेन.

नवजात_परळ

इथे थोडा मतभेद नोंदवतो. ९०० ग्रॅमच्या, फुप्फुसं कमजोर असलेल्या बाळाला दोन्ही डोळ्यांच्या लेसरसाठी तास-दीड तास लागतो. त्यात पुन्हा व्हेंटिलेटरवर जाणं बाळाला महाग पडू शकतं. इंजेक्शन काही मिनिटांत होतं. अशा बाळात आधी इंजेक्शन आणि मोठं झाल्यावर उरलेल्या पट्ट्याला लेसर, हा मार्ग मला रास्त वाटतो. पाठपुराव्याची जबाबदारी मात्र रुग्णालयाने उचलायची, आईच्या स्मरणशक्तीवर सोडायची नाही.

रेटिना_दादर

मान्य, इतक्या नाजूक बाळात मीही तेच करेन. अट एकच, पुढच्या चार तपासण्यांच्या तारखा इंजेक्शनच्या दिवशीच कागदावर. आणि इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत पापणी सुजली, पू आला किंवा डोळा लालभडक झाला तर रात्र असली तरी आणायचं.

वकील_फोर्ट

तारीख लिहून न देणं कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९व्या आठवड्यात जन्मलेल्या, १२५० ग्रॅमच्या मुलीची तपासणी सुचवलीच गेली नाही आणि दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मोठी नुकसानभरपाई मंजूर केली. ‘तोंडी सांगितलं होतं’ याने भागत नाही. तपासणी सुचवली, तारीख दिली, पालकांना समजली, हे तिन्ही केसपेपरवर असावं, खाली पालकांची सही.

ऑप्टोमेट्रिस्ट_ठाणे

आरओपी बरी झाली म्हणून फाइल बंद करू नका. या मुलांत मोठा मायनस नंबर, तिरळेपणा, एका डोळ्याचा आळस हे पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा बरंच जास्त. लेसर झालेल्यांत तर नंबर वर्षाच्या आतच निघू शकतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, वर्षाला, आणि मग शाळेत जाईपर्यंत दरवर्षी थेंब घालून नंबर काढावा. एवढ्या लहानपणी चष्मा कशाला, असं नातेवाईक म्हणतात. पण त्या वयात मेंदू बघायला शिकत असतो, धूसर चित्रावर तो नीट शिकत नाही. इलॅस्टिकचा पट्टा असलेली मऊ फ्रेम मिळते.

पडदा ठीक असूनही तीन-चार महिन्यांचं बाळ (अपेक्षित तारखेपासून मोजून) आईच्या चेहऱ्याकडे बघत नसेल, डोळे सारखे हलत असतील, तर मेंदूतल्या दृष्टिकेंद्राचा त्रास असू शकतो. ‘मोठं झालं की बघेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे, त्यातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दृष्टी आणि वाढ दोन्हींवर एकत्र काम होतं.

आरोग्यसेविका_गोवंडी

सगळ्यांचं वाचून कार्डासाठी मजकूर केलाय, बदल सुचवा: ‘बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी दिनांक ____ ला ____ येथे. या तारखेनंतर चालणार नाही. बाळ बरं दिसत असलं तरी आणावं. दूध तासभर आधी संपलेलं असावं. काजळ नको. गावी जाणार असल्यास आधी तपासणी, मग गाव.’

सिस्टर_सायन

‘येण्याआधी फोन करा’ आणि नंबर घाला, पडद्याचे डॉक्टर रोज ओपीडीत नसतात. पावसाळ्यात लोकल बंद पडली तर पुढच्या आठवड्याची नाही, दुसऱ्या दिवसाची वेळ मागायची, हेही लिहा. लांबून येणाऱ्यांना अकरानंतरची वेळ द्या, सकाळच्या गर्दीत विरार गाडीत एवढंसं बाळ घेऊन चढता येत नाही.

रेटिना_दादर

मजकूर छान आहे, ताई. मागच्या बाजूला तीन रकाने घाला: तारीख, दोन्ही डोळ्यांचा झोन-स्टेज-प्लस, पुढची तारीख. आईने त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. साताऱ्याच्या डॉक्टरांना ‘मुंबईत दाखवलंय, ठीक आहे म्हणाले’ यातून काही कळत नाही, त्या तीन रकान्यांतून सगळं कळतं. लेसर लागलं तर खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे त्याच दिवशी चौकशी करा. मंजुरीची वाट बघण्यात ७२ तास निघून जाऊ नयेत म्हणून रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती पहिल्या तपासणीलाच सोबत असाव्यात.